पत्र्याच्या वळ्या न काढणाऱ्या मंदाताई

पुण्याच्या ज्या ऑफिसात मी हल्ली बसतो, तिथे प्रत्येकाच्या टेबलाखाली एक काळा डबा आहे आणि त्या डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. कार्डाला स्वतःची मेमरी, स्वतःचे पंखे आणि स्वतःचा दिमाख. आख्खा कारखाना पडद्यावर उघडा आणि गरागरा फिरवा, चित्र कुठे अडखळत नाही. तरीही कुठलंही मॉडेल उघडण्याआधी मी कॉम्प्युटरवरच्या बाकी सगळ्या खिडक्या बंद करतो, गाणी थांबवतो, कॅल्क्युलेटरसुद्धा मिटवतो आणि मगच फाइलला हात लावतो. शेजारचा मुलगा विचारतो, "सर, हे कशाला?" त्याला काय सांगणार? मंदाताई घरत नावाच्या बाईंनी ही खोड लावली आणि ती जात नाही, एवढंच सांगून भागत नाही. मग मंदाताई कोण हे सांगावं लागतं, आणि त्यांना थोडक्यात सांगण्याची कला मला साधलेली नाही.

शिकून बाहेर पडल्यावर माझी पहिली नोकरी उरणजवळच्या एका यार्डात होती. न्हावा शेवाच्या बंदरातून निवृत्त झालेले कंटेनर आमच्याकडे यायचे आणि त्यांचं काहीतरी दुसरंच होऊन बाहेर पडायचं. कुणाचं साइटवरचं ऑफिस व्हायचं, कुणाची चौकीदाराची खोली, कुणाचं चहाचं दुकान. एकाचा तर दातांचा दवाखाना झाला होता. ड्रॉइंग ऑफिससुद्धा कंटेनरातच होतं आणि उन्हाळ्यात तिथे आम्ही रेघा मारत होतो की भाजून निघत होतो, हे सांगणं कठीण होतं. त्या ऑफिसच्या मुख्य म्हणजे मंदाताई.

उंच, सडपातळ, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि पायांत पांढरे बूट. त्यांनी आयटीआयला आरेखनाचा कोर्स केला होता, बोर्डावर पेन्सिलीने हात बसवला होता आणि कॉम्प्युटर आल्यावर तोही त्याच मिजाशीत शिकून घेतला होता. विनय हा गुण त्यांच्या वाट्याला आला नव्हता आणि त्यांना त्याची उणीवही वाटत नव्हती. या तालुक्यात आपल्यासारखी रेघ मारणारं दुसरं माणूस नाही, असं त्या पाहुण्यांना ओळख करून देतानाच सांगून टाकत. पाहुण्यांशी त्या छापील मराठीत बोलायच्या, आमच्याशी आगरीत, आणि चिडल्या की दोन्ही विसरून नुसत्या बघायच्या. या तिसऱ्या भाषेला सगळं यार्ड घाबरून असायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, घर कुठे, घरी काय. मी म्हटलं, श्रीवर्धनला नारळ-सुपारीची वाडी आहे. तेव्हापासून माझं नाव सुपारी पडलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं.

नवा इंजिनिअर होतो, अंगात किडा होता. पहिलंच मॉडेल मिळालं ते एका साध्या केबिनचं. मी ते असं सजवलं की बंदरातल्या खऱ्या कंटेनरने लाजावं. कंटेनरच्या भिंती पन्हाळी पत्र्याच्या असतात. मी त्या पत्र्याची प्रत्येक वळी काढली. दाराच्या कड्या, बोल्ट, बोल्टचे आटे, सगळं काढलं. मग मंदाताईंना दाखवायला मॉडेल फिरवलं आणि पडदा थिजला. उंदीर हलतोय, चित्र हलत नाही. पुन्हा ढकललं तर चित्र अर्धवट कोपऱ्यात जाऊन तिथेच हटून बसलं.

मंदाताईंनी चष्मा लावला, वळ्या पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"कंटेनरला वल्या असतात, ता गिऱ्हाइकाला म्हाईत हाय रं सुपारी. त्याला म्हाईत नाय ता काढ. खिडकी कंच्या अंगाला, पंखा कुठं, मानूस उभा कुठं ऱ्हानार."

मी म्हटलं, मशीनच हलकं आहे, वेगळं कार्ड नाही. त्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि मला मिठागर शिकवलं.

मंदाताईंचं माहेर मिठागरावरचं. वडील भरतीचं पाणी आगरात घेण्याचं काम करायचे. खाडीचं पाणी बांधातल्या दारातून आत घ्यायचं, साठवायचं, आणि मग एकेका वाफ्याला हवं तेवढं सोडायचं. पाणी एकच, वाफे पुष्कळ. ज्या वाफ्याची पाळी असेल त्याचं दार उघडं आणि बाकीची बंद. आमच्या कॉम्प्युटरचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरच्याच पोटात बसलेला असतो. त्याला स्वतःची मेमरी नसते. तो सगळ्यांच्या मेमरीतूनच आपला वाटा घेतो. मग तुम्ही एकीकडे गाणी लावणार, दुसरीकडे बातम्या उघडणार, वर बोल्टचे आटे काढणार, तर बिचाऱ्याच्या वाट्याला पाणी येणार कुठून?

म्हणून मोठं मॉडेल उघडायच्या आधी त्या ऑफिसभर पुकारा करायच्या, "दारा लावा." खरं तर त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या खिडक्या बंद केल्या की काम भागत होतं, पण पुकारा झाला की सगळे जण आपापल्या कॉम्प्युटरवरचं काय काय बंद करायचे. त्याचा काही उपयोग नव्हता, कारण प्रत्येकाची मेमरी वेगळी. मी एकदा हे शहाणपण बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, उपयोग नसला तरी चांगली सवय आहे. मग मीही बंद करू लागलो, आणि आता पुण्यात करतोय.

त्यांच्या अशा रीती अनेक होत्या. कॉम्प्युटरच्या डब्याला आणि लॅपटॉपला खाली चारी कोपऱ्यांना बाटलीची बुचं लावलेली असत, कारण एकाच चिपला दोन कामं करायची म्हणजे ती तापणार, आणि तापली की मंद होणार. तिला खालून वारा हवा. मॉडेल फिरवायचं ते पाळण्याला झोका देतात तसं, अलगद. कुणी फर्रकन फिरवलं की त्या लांबून ओरडायच्या, "लेकुरवाली हाय ती, दमानं घे." छपराचा, विजेचा, पाण्याच्या नळाचा थर वेगवेगळा ठेवायचा आणि लागेल तोच दिसू द्यायचा. काम संपलं की ड्रॉइंगमधला नको तो कचरा काढूनच घरी जायचं. भांडी तशीच ठेवून झोपणारी सून आणि फाइल न झाडता जाणारा इंजिनिअर यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे.

एकदा एक विक्रेता आला, टाय लावलेला. वेगळ्या कार्डाशिवाय हे काम करणं म्हणजे बैलगाडीने मुंबईला जाणं आहे, असं त्याने शेठना पटवत आणलं होतं. आमचे शेठ गुजराती, दिलदार, पण शेवटी शेठ. त्यांनी मंदाताईंना बोलावलं. मंदाताईंनी त्याला चहा पाजला आणि बसवून आमच्या केबिनचं मॉडेल फिरवून दाखवलं. ते लोण्यासारखं फिरलं. मग त्या म्हणाल्या, "कार्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुणी जहाजाचं इंजिन काढत असेल तर घ्यावं त्याने. आम्ही खोके काढतो." शेठना हे फारच आवडलं. त्यांचा आनंद ओसरायच्या आत मंदाताईंनी मेमरीची आणखी एकेक पट्टी प्रत्येक मशीनला मागून घेतली. एक पट्टी असली तर पाणी एकाच दारातून येतं, जोडी असली तर दोन दारांतून, आणि जो वाफा दुसऱ्याच्या पाण्यावर जगतो त्याला दारं जास्त हवीत, असा त्यांचा हिशेब. तो खराही ठरला. जोडी बसल्यावर मशीनं अंग टाकायची थांबली. विक्रेता मात्र तेवढ्या पट्ट्या विकून खट्टू होऊन गेला.

जेवणाच्या सुट्टीत डबे एकत्र लागायचे. त्यांच्या डब्यात बहुतेक सुकी मासळी, जवळा किंवा सुकट, असायची आणि माझ्या डब्यात डाळिंब्यांची उसळ. त्या आपला डबा मुद्दाम माझ्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "वास घे. वासाला पाप नाय." पुढे नुसत्या वासावर भागेना, ही गोष्ट श्रीवर्धनला अजून कुणाला ठाऊक नाही आणि इथे वाचून कळली तर कळो.

एवढ्या खमक्या बाई एकाच गोष्टीला घाबरायच्या, ती म्हणजे रस्ता. त्यांचं गाव आमच्या यार्डापासून जवळच, पण मध्ये बंदराकडे जाणारा रस्ता होता आणि त्यावर दिवसभर ट्रेलरची रांग. रस्ता ओलांडताना त्या पदर आणखी खोचायच्या, थांबायच्या, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायच्या आणि त्याने आपल्याला पाहिलंय अशी खात्री झाल्यावरच पाऊल टाकायच्या. त्या गावात असं घर नव्हतं ज्याला त्या रस्त्याने काही ना काही दिलं नव्हतं. मंदाताईंच्या धाकट्या दिराला त्याने काठी दिली होती.

अशात गावची शाळा धोकादायक ठरली. छताचे पोपडे पडत होते, खांबाची सळई दिसत होती. नवी इमारत होईल तेव्हा होईल, तोवर मुलांनी शेजारच्या गावच्या शाळेत जावं असं ठरलं. शेजारचं गाव रस्त्याच्या पलीकडे. मंदाताईंची नात तन्वी दुसरीत होती. उन्हाळ्याची सुट्टी संपली की तिला रोज दोन वेळा तो रस्ता ओलांडावा लागणार होता.

मंदाताई शेठकडे गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचं अर्धं काम झालेलं होतं. शेठ कंटेनर द्यायला तयार होते, ग्रामपंचायत गावातली रस्त्यालगतची मोकळी जागा द्यायला तयार होती. बाकीचा खर्च, म्हणजे आतलं काम, छप्पर, पंखे, मुंबईची एक कंपनी उचलणार होती. पण तिची माणसं येऊन आराखडा बघणार आणि पटला तरच हो म्हणणार होती. पटला तर शाळा गावात राहणार होती. नाही पटला तर पोरं रस्त्यावर.

मंदाताईंनी ते काम कुणाला हात लावू दिलं नाही. आधी त्यांनी नेहमीसारखं साधं मॉडेल केलं, सपाट भिंतींचे दोन वर्ग आणि मध्ये पडवी. मग एके दिवशी मी त्यांच्या मागून गेलो आणि थांबलोच. भिंतींना वळ्या होत्या. दारात फुलांची कुंडी होती. बाकांवर मुलं बसली होती, फळ्यावर मुळाक्षरं होती, बाहेर एक आंब्याचं झाड होतं आणि त्याला पानंसुद्धा होती.

मी म्हटलं, मंदाताई, वळ्या?

त्यांनी मान वर केली नाही. "माझे नातीची शाला हाय ती. खोका दाखवू काय लोकान्ला?"

मला हसू आलं नाही. माणूस स्वतःच्या घरचं कार्य निघालं की शिजवायचं प्रमाण विसरतो, तसं काहीसं झालं होतं. मॉडेल जड होऊन अडखळत होतं, ते त्यांनाही दिसत होतं. त्यावर त्यांनी जो उपाय केला तो मिठागरावरच्या कुठल्याही पोराने केला नसता. कॉम्प्युटर चालू होतानाच एक सेटिंग असतं, त्यात एकूण मेमरीतला ठरावीक हिस्सा आधीच ग्राफिक्ससाठी अडवून ठेवता येतो. खरं तर ग्राफिक्स लागेल तशी मेमरी आपणच मागून घेतं, अडवायची गरज नसते. मंदाताईंनी तो हिस्सा होईल तेवढा वाढवला. माझ्या नातीच्या झाडाला पाणी कमी पडायला नको, म्हणून आख्खं तळं एका वाफ्यात लोटलं, आणि ते कुणाला सांगितलं नाही.

माणसं आली, चौघं होती. त्यांत एक बाई वास्तुविशारद होत्या, केस बारीक कापलेल्या, फार कमी बोलणाऱ्या. शेठनी फाफडा-जलेबी मागवली होती. मंदाताईंनी पुकारा केला, आम्ही निमूटपणे सगळं बंद केलं, आणि त्यांनी शाळा उघडली.

शाळा उघडली ती अर्धी. छप्पर आलं, झाडाचं खोड आलं, बाकांवरची मुलं डोक्यांशिवाय आली. मग सगळा पडदा पांढुरका झाला आणि डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला. सगळी मेमरी चित्राने अडवल्यावर खुद्द मॉडेल ठेवायला जागाच उरली नव्हती, आणि कॉम्प्युटर बिचारा डिस्कवर उसनवारी करत फिरत होता. पाहुण्यांपैकी एक जण पुढच्या जलेबीकडे वळले.

"बेन, आ शुं थयुं?" हे झालं काय, असं शेठनी हळूच विचारलं.

मंदाताई पडद्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मला वाटलं आता त्या मशीनला दोष देतील, विजेला देतील, मला तर नक्कीच देतील. मी तयारही होतो. त्या उठल्या, बटण दाबून मशीन बंद केलं आणि पाहुण्यांकडे वळल्या.

"थोडं थांबावं लागेल," त्या छापील मराठीत म्हणाल्या. "मशीन बरं आहे. चूक माझी झाली."

कॉम्प्युटर पुन्हा चालू होईपर्यंत त्यांनी मिठागर सांगितलं. बांध, दार, वाफे, आपल्या वडिलांची पाणी वाटायची रीत, आणि आज आपण ती कशी मोडली, हे सगळं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, लपवाछपवी न करता. सांगता सांगता ते सेटिंग पूर्ववत केलं. मग पहिलं साधं मॉडेल उघडलं. सपाट भिंती, झाड नाही, मुलं नाहीत. त्यांनी ते अलगद फिरवलं आणि ते फिरलं.

एकाने विचारलं, भिंती अशा सपाट का? मंदाताई म्हणाल्या, कंटेनर कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहे, मुलं कुठे बसतील ते बघा. मग खरोखरच सगळे ते बघू लागले. दुसऱ्याने उकाड्याचं विचारलं. त्यांनी छपराचा थर लपवला, परत आणला आणि पत्र्याच्या वर दुसरं छप्पर, मधून वाऱ्याला वाट, हे दाखवलं. प्रश्न येत गेले आणि मॉडेल प्रत्येक प्रश्नासरशी वळत गेलं. मघाच्या त्या आंब्याच्या झाडासकट हे काही जमलं नसतं.

शेवटी त्या वास्तुविशारद बाई बोलल्या. दोन्ही वर्गांना रस्त्याच्या बाजूला दार नाही, खिडकी पण उंच आहे. सामान आणायला, माणसांना यायला ती बाजू सोयीची, मग सगळी दारं मागे बांधाकडे का?

मंदाताईंनी मॉडेलची रस्त्याकडची बाजू समोर आणली.

"त्या बाजूला मूल जाता कामा नये," त्या म्हणाल्या. "चेंडू गेला तरी नाही. आमच्या घरची दोन माणसं त्या रस्त्याने नेली आहेत आणि जी राहिली त्यांतला एक काठी घेऊन चालतो. मला शाळा सुंदर दाखवायची होती, म्हणून मघाचा घोळ झाला. पण मला हवं आहे ते एवढंच."

बाईंनी मान हलवली. बाकीचे कळवतो म्हणाले आणि गेले.

त्यानंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. मंदाताईंना कुणाचीच रेघ सरळ दिसेना. माझं एक ड्रॉइंग त्यांनी इतक्या वेळा परत केलं की शेवटी मी पहिलंच ड्रॉइंग फाइलचं नाव बदलून दिलं, ते पसंत पडलं. मग एक दिवस शेठ स्वतः ऑफिसात आले आणि होकार आल्याचं सांगितलं. मंदाताई म्हणाल्या, "बरा." हातातली रेघ पूर्ण केली. मग उठून यार्डात गेल्या आणि रांगेतले कंटेनर बोटाच्या गाठीने ठोकून बघू लागल्या, कलिंगड घेताना बघतात तसे. मी मागे गेलो तर त्या रडत होत्या. मीही एक कंटेनर ठोकून पाहिला.

माझी ती नोकरी त्याच पावसाळ्यात सुटली, पुण्याचं बोलावणं आलं. मंदाताई पुढे निवृत्त झाल्या, फोनवर आवाज अजून तसाच आहे. पण डोळ्यांसमोर येतात त्या शाळा गावात नेली त्या सकाळच्या.

वर्ग तयार झाले, रंगले, आणि ट्रेलरवर चढले. दुसऱ्या कशावरून नेणार? यार्डातून निघून गावच्या फाट्याला वळेपर्यंतचा तुकडा त्याच रस्त्याचा होता. रुंद छपरामुळे ट्रेलर अगदी हळू चालवायचा होता आणि पुढे कुणीतरी चालत वाट मोकळी करायची होती. शेठनी दोन माणसं नेमली होती. मंदाताईंनी त्यांना बाजूला केलं आणि लाल फडकं स्वतः घेतलं.

त्या रस्त्याच्या मधोमध चालत होत्या. मागे शाळा, शाळेच्या मागे बंदराकडे निघालेल्या ट्रेलरची रांग, नजर जाईल तिथपर्यंत. समोरून येणाऱ्यांना त्या फडकं दाखवत होत्या आणि तेही थांबत होते. मागच्या एकाने हॉर्न धरून ठेवला. त्या तशाच वळून मागे चालत गेल्या, त्याच्या ट्रेलरच्या केबिनखाली उभ्या राहिल्या आणि वर बघून म्हणाल्या, "हॉर्न नको. पोरांची शाला हाय." बहुधा लांबच्या मुलखातला असावा, भाषा कळली की नाही देव जाणे, पण त्याने हॉर्न सोडला.

फाट्याजवळ गावची सगळी पोरं रस्त्याकडेच्या बांधावर ओळीने उभी होती, कारण रस्त्यावर पाऊल टाकायची त्यांना मनाई होती. तन्वी पुढे होती. ती आजीकडे बघत राहिली. मंदाताईंनी पुढे बघितलं, मागे बघितलं. दोन्हीकडची वाहनं उभी होती. मग त्यांनी फडकं डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात तिच्याकडे पुढे केला.

तन्वी बांधावरून उतरली आणि रस्त्यावर आली. आजीचा हात धरून मधोमध चालू लागली. तिला घाई नव्हती, मंदाताईंनाही नव्हती, आणि मागचे सगळे ट्रेलर त्या पोरीच्या पावलांनी येत होते.